नऊगजी तोफेपासून दादाच्या ठासणीपर्यंत

वंदनाचा फोन आला तेव्हा मी अंगणात सायकल उलटी करून पंक्चर काढत बसलो होतो. फोन कानाला लावून खांद्याने दाबला आणि म्हटलं, बोल बाई.

"काकाजी, तुमी एकदा गावी या अन् मामाजीले समजावा. बंदूक माह्या नावावर करायले नाही म्हणून राह्यले. सरकारात जमा करून टाकतो म्हणतात."

"काहून पण?"

"काहून थे सांगत असते त तुमाले कायले फोन केला असता?"

वंदना म्हणजे माझ्या थोरल्या भावाची सून. नवरा पुण्याला कंपनीत, आणि चांदूर बाजारजवळच्या आमच्या गावी शेती पाहते ती. संत्र्याची बाग, तूर, हरभरा, सगळं तिच्याच अंगावर. रानडुकरांचा एक कळप एका फेरीत हरभऱ्याची पाच तासं, म्हणजे पाच ओळी, पार उकरून जातो, ते ज्याचं जळतं त्यालाच कळतं. ही बाई डबा बडवून आणि फटाके फोडून थकली. घरात पीकरक्षणाची परवान्याची ठासणीची बंदूक खुंटीला टांगलेली, आणि मालक म्हणजे तिचा सासरा, आमचा दादा, तो हात लावू देत नाही. दादा शहात्तर वर्षांचा, एका डोळ्यात मोतीबिंदू. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला परवाना हयातीतच वारसाच्या नावावर करता येतो, असं वंदना ऑफिसात विचारून आली होती. फक्त बंदूक कारागिराला दाखवून ती धड असल्याचा दाखला जोडायचा. दादा म्हणे, दाखला नको आणि नाव बदलणं नको. जमा करतो. जमा केलेल्या जुन्या बंदुका शेवटी मोडीतच जातात.

आता माझं सांगतो. मी अकोल्यात जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यात फिटर होतो. शाळा सातवीपर्यंत. पण लोखंड दिसलं की थांबायचं, ते कुठून आलं आणि कसं घडलं हे विचारायचं, ही खोड जन्माची. रद्दीतून आणलेली पुस्तकं वाचून वाचून जुन्या बंदुकांबद्दल बरंच डोक्यात भरलंय. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला माणूस समजा. नरनाळ्याची तोफ आणि गाविलगडावरच्या तोफा पाहायच्या असं वीस वर्षं म्हणत होतो. वंदनाला म्हटलं, "दादाले तीन दिवस फिरवू. आधी तोफा दाखवू, मग बंदुकीचं बोलू. फिरल्यावर माणूस मऊ होते."

ती म्हणाली, "गाडी मी चालवतो. पण मऊ होतीन असं वाटत नाही मले."

ठरलं ते असं. मी अकोल्याहून सकाळच्या एसटीने अकोटला पोचायचं, त्या दोघांनी परतवाडा-अंजनगाव मार्गे तिथे यायचं. मला अर्धं तिकीट लागतं, दादाला तर पूर्ण माफ, तरी तो एसटीत बसत नाही. म्हणतो, फुकट बसलं की कंडक्टर उभा करते. अकोटच्या स्टँडबाहेर तर्री-पोहे खाल्ले. तर्री जपून मागा, पुणे-मुंबईच्या पोटाला ती थट्टा वाटणार नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. नरनाळा आणि गाविलगड दोन्ही मेळघाटच्या राखीव जंगलात आहेत. परवाना असो नसो, तिथे बंदूक नेता येत नाही. आमची खुंटीलाच होती. नरनाळ्याखालच्या शहानूरच्या नाक्यावर ओळखपत्र दाखवून तिकीट काढायचं, गाइड घ्यायचा, पाणी स्वतःचं न्यायचं. प्लास्टिक नेलंच तर परत आणायचं. नाके उघडायच्या वेळा बदलत असतात, विचारून निघा.

घाट चढताना सागाची पानं वाळून करकरत होती. वर महाकाली दरवाजा दिसला आणि आम्ही तिघेही मान वर करून थांबलो. दगडावर असं नाजूक कोरलंय की सुताराने लाकडावर कोरावं. पण माझा जीव तोफेत. गाइड पुढे, मी मागे, दादा काठी टेकत शेवटी.

आणि ती दिसली. नऊगजी.

तटावर आडवी पडलेली, उन्हात तापलेली, एखादी म्हातारी मगर डोळे मिटून पडावी तशी. आयुष्यभर मी शाफ्ट आणि पुली घासल्या, पण लांबच लांब नळी एवढी सरळ ओतायची, तीही शेकडो वर्षांपूर्वी, हे पाहून माझा हात आपोआप कपाळाला गेला. ओतताना एक बुडबुडा राहिला असता तर पहिल्याच बाराला तोफ फुटून चालवणारेच गेले असते. म्हणजे ओतणाऱ्याला लोखंडाचा ताव नुसत्या रंगावरून कळत असणार. त्याच्याकडे ना मीटर, ना डायल. मी तिच्या पाठीवर पंजा ठेवला आणि तसाच उभा राहिलो.

दादाने काठीने लांबी मोजायला घेतली. तिसऱ्या काठीला वंदनाने त्याला काहीतरी विचारलं आणि मोजणी चुकली.

"नऊ गज आहे का खरंच?" मी गाइडला विचारलं.

"आमी मोजत नाही काका," तो म्हणाला, "मोजली अन् कमी भरली त तिचं नाव बदलावं लागीन."

मग मी माझी शाळा भरवली. मागच्या बाजूचं बारीक भोक दाखवलं, त्याला कान म्हणतात. इथे बत्ती द्यायची. आधी तोंडातून दारू, मग बोळा, मग गोळा, आणि वरून गजाने ठासायचं. "हातबंदूकही अशीच चालायची," मी वंदनाला सांगितलं. "आधी तोड्याची. म्हणजे सुताचा जळता तोडा लावायचा. पाऊस आला की लढाई बंद. मग चकमकीची, घोडा पडला की ठिणगी. मग टोपीची, तांब्याच्या बारक्या टोपीत मसाला. आपल्या घरची तीच. मग काडतूस आलं अन् ठासणं गेलं."

"मग भरलेली हाये का रिकामी, हे भायेरून कसं ओयखाचं?" वंदनाने विचारलं.

प्रश्न मला फार आवडला. बाजूला एक लहान तोफ होती. दादाची काठी घेतली, तिच्या तोंडात टेकेपर्यंत सारली, तोंडाशी अंगठा ठेवून खूण केली, बाहेर काढून अंगठा तोंडाशीच जुळवून तोफेच्या पाठीवर ठेवली. "काठीचं टोक कानापर्यंत पोचलं तर रिकामी. अलीकडे राहिलं तर आत काहीतरी आहे." टोक बरंच अलीकडे राहिलं. गाइड हसला. आत दगडं आणि कुरकुऱ्यांची पाकिटं होती.

दादा हसला नाही. काठी परत घेतली, टोक पंच्याने पुसलं आणि म्हणाला, "का रे, भरून ठेवलेली दारू किती वर्षानं मरते?"

"दोन पावसाळे," मी ठोकून दिलं. "ओल लागली की माती."

"पक्कं?"

"अरे पुस्तकात आहे."

पुस्तकात नव्हतं. पण मोठ्या भावासमोर एकदा पिवळं झालं की माणूस मागे येत नाही.

उतरून झुणका-भाकर खाल्ली आणि चिखलदऱ्याची वाट धरली. परतवाड्यापुढे घाट सुरू होतो, वळणं अवघड, धुकं असेल तर अंधाराआधी पोचा. वाटेत दादाचा मूड बरा झाला. म्हणजे त्याने मला छळायला सुरुवात केली.

"वंदना, तुह्या काकाजीले इचार, सतरा आठे किती?"

मी अडकलो. नेहमीच अडकतो. सतरा साते एकोणीसासे इथपर्यंत गाडी जाते आणि पुढे फाटक बंद.

"पाह्य! हिशेब येत नोता म्हणून फिटर झाला."

"फिटर झालो तुझ्यामुळे," मी म्हटलं. "पाचवीत असताना ह्यानं माझ्या वहीचं पान फाडलं, वंदना. सतराचा पाढा दहादा लिहून आणायचा होता. मास्तरांनी दोन्ही हातांवर छड्या दिल्या. त्या दिवसापासून सतराचा पाढा घशाखाली उतरत नाही."

"म्या नाही फाडलं."

"तूच फाडलं."

"म्या नाही फाडलं म्हणतो ना बे!"

वंदना पुढे बघून हसत होती. लग्न होऊन आली तेव्हापासून दर दिवाळीला हे भांडण ऐकते. पंचावन्न वर्षं चाललंय. ते पान गेलं त्याच आठवड्यात बाबा गेले. वावरात पाणी द्यायला गेले आणि बांधावर बसले ते बसलेच. भांडण मिटवायला कोणी उरलं नाही, म्हणून ते मिटलं नाही, असं मी समजतो.

दुसऱ्या दिवशी गाविलगड. चिखलदरा गावापासून किल्ला जवळच, पण आत चालणं भरपूर. बूट घाला, चपलेवर जाऊ नका. दाराच्या दगडावर दोन डोक्यांचा पक्षी कोरलाय, पायाशी हत्ती. तोफा गवतात इकडेतिकडे, एका तोफेवर फारसी लिपीतली अक्षरं. वारा एवढा की टोपी हातात धरावी लागली.

इथे मी खरा भारावलो तो तोफांपेक्षा एका दरीने. उत्तरेच्या टोकाशी गाइडने बोट दाखवलं. इंग्रजांची एक फौज त्या अंगाने डोंगर चढली. तोफा घेऊन. रस्ता नव्हताच, तो तोडत तोडत आले. आमच्या कारखान्यात एक प्रेस वीस फूट सरकवायचा म्हणजे दोन दिवस अंगात ताप. आणि ह्या माणसांनी आणि बैलांनी तोफा ह्या दऱ्यांतून ओढल्या, मग तटाला खिंडार पाडलं. वरून किल्लेदाराचे लोकही हटले नाहीत, दारातच पडले. मला दोन्हीकडच्यांची छाती दिसली आणि दोन्हीकडचे बैल दिसले. बैलांचं नाव कुठे लिहिलेलं नसतं.

त्या शिपायांच्या बंदुका चकमकीच्या. कागदाच्या पुडीत दारू आणि गोळी बांधलेली. पुडी दाताने फाडायची, दारू ओतायची आणि तोच कागद बोळा म्हणून ठासायचा. कागद संपला की जुनी दप्तरं आणि पोथ्यापुस्तकंही फाडायचे, असं वाचलंय. मी हे सांगितलं तर वंदना म्हणाली, "म्हणजे लिवलेलं सारं धुरात गेलं?" दादा तटावर बसून चणे खात होता. चघळणं थांबवून त्याने माझ्याकडे पाहिलं आणि परत दरीकडे.

आणखी एक गंमत. काळी दारू जाऊन पुढे बिनधुराची आली ती कापसापासून. कापूस तेजाबात बुडवून. मी आयुष्यभर ज्या गाठी दाबल्या, गोधडीसाठी आणि धोतरासाठी जातात म्हणून समाधानाने दाबल्या, त्या कापसाच्या अंगात हेही होतं. ज्या रायफली घेऊन साहेबलोक ह्याच जंगलात वाघामागे फिरले, त्यांच्या काडतुसात कदाचित आपल्या वऱ्हाडाचाच कापूस असेल. कोण जाणे. खाली उतरून गवळ्याच्या हॉटेलात रबडी खाल्ली, ती मात्र शंभर टक्के इथलीच. खा, चुकवू नका.

संध्याकाळी गावी पोचलो. जेवणं झाल्यावर मी विषय काढला.

"दादा, पोरगी एवढी राबते. दे तिला बंदूक."

"नाही जमत."

"बाई माणूस म्हणून?"

"डोकं फिरलं का तुह्यं? माह्या दोन पोरांच्या तोडीची हाये थे."

"मग मले दसऱ्याले हळद-कुंकू बी काहून लावू देत नाही तुमी?" वंदना स्वयंपाकघरातून म्हणाली. "लेकरं जवळ गेले की ओरडता. एवढं काय सोनं भरलं त्यात?"

दादाने पंचा झटकून खांद्यावर टाकला. झाकली मूठ सव्वा लाखाची, तसा बसून राहिला. मग उठता उठता म्हणाला, "उद्या अमरावतीले नेऊ. दाखवू कारागिराले. मंग पाहू." आम्ही दोघं खूश. रबडीचा परिणाम, असं मी मनात म्हटलं.

तिसऱ्या दिवशी दादाने परवान्याचं पुस्तक खिशात घातलं आणि बंदूक गवसणीत घालून पुढच्या सीटवर स्वतः धरून बसला. नळीचं तोंड खिडकीबाहेर, वर आभाळाकडे. मी म्हटलं, आण इकडे, मागे आडवी ठेवतो. तर खेकसला. "हात लावू नोको." रस्ता तसा बरा आहे, पण अधेमधे खड्डे. प्रत्येक खड्ड्याला दादाचं एकच, "वंदना, हळू. हळू म्हणतो ना." मी मागून टोमणा मारला, "नवरी घेऊन चालला का रे?" त्याच्या मानेवर घाम होता. नोव्हेंबरात.

अमरावतीच्या परकोटाच्या, म्हणजे जुन्या तटबंदीच्या, आत, जुन्या वस्तीत, एक कारागीर आहे. बापजाद्यांपासून बंदुकांची दुरुस्ती, सगळं सरकारी परवान्याने. त्याला सगळे उस्ताद म्हणतात, मीही तेच म्हणतो. दुकान म्हणजे आठ बाय दहाची खोली आणि मागे फरशीचं अंगण. भिंतीवर लाकडी दस्ते टांगलेले, कानशी मापाने लावलेल्या, लेथ माझ्याही आधीच्या जमान्यातला. त्या कानशी पाहूनच मी ओळखलं, हा माणूस खरा. उस्ताद माझ्याएवढाच, चष्मा दोरीने बांधलेला.

त्याने गवसणी काढली. आमची बंदूक मी कैक वर्षांनी जवळून पाहिली. अक्रोडाचा दस्ता हाताने काळा झालेला, घोड्यावर वेलबुट्टी. टोपी बसवतात त्या जागी मेण भरलेलं.

"वा," उस्ताद म्हणाला. "घोडा हाताने घडवेला है. मशीनचं काम नाही हे. ह्यो काप पाहा, कानसीचा. बनवणाऱ्यानं ह्याच्यावर महिना घालवला असन."

मी वाकलो. तो बारीक काप पाहून मला नऊगजीपाशी झालं होतं तसंच झालं. तिथे लांबी होती, इथे तांदळाएवढी रेघ. पण हात तोच, चुकू न देणारा.

मग उस्तादाने गज काढला, नळीत टेकेपर्यंत सारला, तोंडाशी अंगठा ठेवला, गज बाहेर काढला आणि नळीवर ठेवला. मी परवा काठीने केलं तेच.

गजाचं टोक चार बोटं अलीकडे राहिलं.

त्याने पुन्हा मोजलं. मग नळीचं तोंड मागच्या जाड भिंतीकडे वळवलं, बाकावर बसलेल्या गिऱ्हाइकाला बाहेर जायला सांगितलं आणि दादाकडे पाहिलं.

"चाचा, ये भरेली है. तुमाले मालूम होतं?"

वंदनाचा हात तोंडावर गेला. मला एकदम सगळे खड्डे आठवले. सगळे दसरे आठवले.

दादा खाली पाहून म्हणाला, "हो. मालूम होतं. पण हा म्हणाला, दोन पावसाळ्यात मरते."

उस्तादाने माझ्याकडे पाहिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "काळी दारू कोरडी राहिली त मरत नाही, भाऊसाहेब. झोपते. अपुन मरून जातो, थे झोपून राह्यते. टोपी नोती अन् मेण होतं, म्हणून आज आपुन चहा पिऊन राह्यलो." मी मान खाली घातली. हे वाचणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगतो, घरात जुनी बंदूक असेल, आजोबांची, शोभेची, रिकामीच आहे म्हणतात ती, तर स्वतः डोकावू नका, माझ्यासारख्या पुस्तकी शहाण्याचं ऐकू नका. जाणकाराकडे द्या.

मेण काढून त्याने मागच्या बाजूने तेल सोडलं. ते मुरायला दोन तास लागतील म्हणाला. आम्ही बाहेर गिला वडा घेतला. अमरावतीला येऊन तो खाल्ला नाही तर आलात कशाला? पण त्या दिवशी तिघांच्याही हातातली पानं तशीच राहिली.

"मामाजी," वंदना म्हणाली. आवाजात राग नव्हता, त्यापेक्षा वाईट काहीतरी होतं. "माह्ये लेकरं त्या खुंटीखाली झोपत होते."

"म्हणून त हात लावू देत नोतो."

"मंग रिकामी काहून नाही केली?"

दादाने पान बाजूला ठेवलं. "बाबानं भरली होती थे. जायच्या दोन दिवस आधी. माह्यासमोर भरून खुंटीले टांगली. म्हणे, डुकरं आले की वाजवू. डुकरं आले नाही. बाबाच गेले." त्याने पंच्याने तोंड पुसलं. "तेराव्यानंतर एकडाव नेली वावरात. टोपी बसवली. घोडा ओढला. अन् मंग वाटलं, हा बार बाबाचा हाये. म्या वाजवला त संपला. टोपी काढली, मेण लावलं, टांगून देली. मंग दरसाल वाटे, औंदा काढू. मोठे होत गेलो अन् सांगायची लाज वाटत गेली."

"निवडणुकीले ठाण्यात जमा करत होता तवा?" वंदनाने विचारलं.

"जवळ उभा राहून जमा करत होतो. देव देव करत."

पंचावन्न वर्षं हा माणूस बंदूक घेऊन डुकरामागे जायचा आणि डबा बडवून परत यायचा. गावात त्याला भित्रा म्हणायचे. मीही म्हटलंय.

परत गेलो तेव्हा उस्तादाने गजाला मळसूत्राचं टोक लावलं होतं. नळी बाकाच्या शिकंज्यात, तोंड भिंतीकडे. तो स्वतः बाजूला उभा राहून हळूहळू फिरवत होता, विहिरीतून पडलेली बादली काढावी तसा. आधी कापसाचा गोळा आला, काळा पडलेला. मग छर्रे परातीत टपटप पडले. मग म्हणाला, "कागद है." घट्ट दाबलेला, सुपारीएवढा. त्याने तो चिमट्याने फडक्यावर ठेवला. शेवटी दारू. बरीचशी तेलाने भिजलेली, पण मधली चिमूटभर कोरडी. दाणे चमकत होते, कालच भरल्यासारखे.

ती चिमूट त्याने मागच्या अंगणात फरशीवर ठेवली, लांब काडीला पेटता काकडा बांधला आणि दादापुढे धरला. "चाचा, तुमीच लावा. दूर राहून."

दादाने काडी हातात घेतली. वंदनाने त्याच्या मनगटाखाली आपला हात धरला. फुस्स झालं. एक पिवळी झळ, आणि पांढऱ्या धुराचा गोळा संथपणे वर गेला. आवाज म्हणाल तर मांजराच्या शिंकेएवढा. पण वास! बाबा वावरातून यायचे तो वास. मी अकरा वर्षांचा होतो आणि त्या वासाला विसरलो होतो. आम्ही दोघे म्हातारे धूर जाईपर्यंत वर पाहत उभे राहिलो.

आत आलो तर उस्ताद चष्मा वर करून तो कागद टोकदार चिमट्याने उलगडत होता. कडा जळक्या रंगाच्या, पण मधे शिसपेन्सिल दिसत होती. पोरसवदा, वाकडं अक्षर.

"पहाडा हाये वाटते," तो म्हणाला. "सतरा चोक अडुसष्ट. सतरा पाचे..."

पुढचं मला ऐकू आलं नाही. माझं अक्षर मला ओळखता येणार नाही का? त्या काळी घरात कागद म्हणजे माझी एकटी वही. बाबांना अक्षरओळख नव्हती, त्यांना कुठलंही पान सारखंच.

दादाने तो कागद फडक्यासकट उचलला, आपल्या धड डोळ्याशी नेला, वाचला. मग माझ्या हातावर ठेवला.

"घे तुह्यं पान," तो म्हणाला. "म्या नोतं फाडलं."

उस्तादाने नळी साफ केली, आत बॅटरी मारून पाहिली, दोनदा गज फिरवला. नळी जिवंत आहे म्हणाला आणि दाखला लिहिला. मजुरी घेतली ती साध्या दुरुस्तीएवढीच. भरलेली काढायचं काय, विचारलं तर म्हणाला, "त्याचे पैसे घेत नसतात." दादाने गवसणी घातली आणि आयुष्यात पहिल्यांदा बंदूक घरातल्या दुसऱ्या कोणाच्या हातात दिली. वंदनाच्या.

"आता रिकामी हाये," एवढंच म्हणाला. "आता देता येते."

मी बडनेऱ्याहून संध्याकाळच्या गाडीने अकोल्याला परतलो. घरी आल्यावर बायकोने विचारलं, काय पाहिलंत? मी नऊगजी सांगितली, दोन डोक्यांचा पक्षी सांगितला, रबडी सांगितली. मग तो कागद दाखवला. तिने तो काचेखाली ठेवला, देवाच्या शेजारी नाही, माझ्या पान्यांच्या पेटीवर. तिथेच बरा आहे.

जाणार असाल तर अवश्य जा. तीन दिवस पुरतात. आपल्या वऱ्हाडात लोखंड ओतणाऱ्यांनी आणि कानशीने घासणाऱ्यांनी काय करून ठेवलंय ते पाहून माणूस लहान होतो, आणि ह्या वयात लहान होणं बरं असतं. मी एवढी वर्षं बंदुका वाचत होतो ते पोलाद, नळी, घोडा, काडतूस ह्यांच्यासाठी. आत ठासलेल्या बोळ्याकडे कधी लक्षच दिलं नव्हतं.

परवा वंदनाचा फोन आला. कागद जमा झाले, बोलावतील तेव्हा जायचं. मग म्हणाली, मामाजीले बोलायचं आहे.

"काय रे," दादा म्हणाला. "सतरा आठे?"

कागद समोर होता. त्यावर सतरा साते एकोणीसासे इथपर्यंत आहे, पुढचं पान काळं पडलेलं.

"छत्तीसासे," मी म्हटलं. "सतरा नव्वे त्रेपन्नासे. सतरा दाहे सत्तरासे."

पलीकडे फोन कानावरून खाली गेल्यासारखी खरखर झाली. मग त्याचा आवाज आला, वंदनाला सांगत होता, "आलं ओ त्याले."